कुंभेरीची बाकदार ओळ

कुंभेरीचा घाट चढून पठारावर आले की आधी गार वारा लागतो, मग चहाची टपरी लागते आणि मग उजव्या हाताला ती अकरा घरे दिसतात. दारे अकरा, पण एका घराची भिंत तीच शेजाऱ्याची भिंत, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला तो एकच लांबलचक पांढरा वाडा वाटतो. अंगावर नक्षीकाम म्हणाल तर काही नाही. नुसता चुन्याचा गुळगुळीत गिलावा. प्रत्येक दारावर अर्धचंद्राची काच आणि तिच्यात हातपंख्याच्या काड्यांसारख्या लाकडी पट्ट्या. खालच्या मजल्याच्या खिडक्या उंच, वरच्या मजल्याच्या त्याहून ठेंगण्या, आणि माळ्याच्या तर जेमतेम डोके बाहेर काढण्याएवढ्या. छप्पर कौलारूच आहे. पण पुढे कठडा उचलून ते असे झाकले आहे, की टोपीखाली टक्कल आहे हे कुणाला कळू नये.

विलायतेत एकामागून एक जॉर्ज नावाचे राजे गादीवर बसले, त्या काळची ही धाटणी. म्हणून तिला जॉर्जियन म्हणतात. कुंभेरीचे लोक तिला साहेबाची चाळ म्हणतात. फाटकाशी निळी सरकारी पाटी आहे. वास्तू संरक्षित असल्यामुळे इथे भिंतीत खिळा ठोकायचा तरी अर्ज करावा लागतो, आणि अर्जाचे उत्तर येईपर्यंत माणूस तसबीर मांडीवर घेऊन बसतो.

पण पाहुणे बघत राहतात ते निराळेच. ही ओळ सरळ नाही. दोन्ही टोके पुढे आणि मधली घरे डोंगराकडे मागे सरलेली, अशी ती बाक घेऊन उभी आहे. त्यामुळे अकराही घरे पुढून जरा अरुंद आणि मागून रुंद झाली आहेत. असल्या घराला आपल्याकडे गोमुखी म्हणतात आणि ते राहायला शुभ मानतात. साहेबाने नकळत अकरा गोमुखी घरे बांधली, म्हणून इथले लोक अजून हसतात. ओळीच्या पोटात, बाकाच्या आत, हिरवळीचा एक तुकडा मोकळाच सोडलेला आहे.

जाणकार येतात, यंत्रे लावतात, आणि सांगतात की हा बाक विलायतेतल्या अमुक शहरातल्या घरांवरून घेतला असावा, आणि काय तो इंजिनियर साहेबाचा हात! दप्तरात नकाशा आहे, नकाशावर हालम साहेबाची सही आहे. तेव्हा त्यांचेही चूक नाही. ओळीतले म्हातारे मान डोलावतात, त्यांना चहा पाजतात. चहा संपून पाहुणा निवांत झाला आणि माणूस बरा वाटला, तरच मग खरी गोष्ट सांगतात.

दोनशे वर्षांमागे, असे सांगतात, इथे माळ होता. माळावर एक उंबर, आणि उंबराखाली गवंड्यांच्या पालांची वस्ती. त्यांचा मुकादम सटवाजी. हालम साहेबाने त्याला घाटाखालून बोलावून आणले होते, कारण आधीच्या गवंड्याने बांधलेली एक भिंत पावसाळ्यात बसली होती आणि साहेबाचा देशी गवंड्यांवरचा विश्वास तिच्याखाली गाडला गेला होता. साहेब म्हणाला, मला अकरा घरांची ओळ हवी, बंदुकीच्या नळीसारखी सरळ. सटवाजीने कमरेचा ओळंबा काढून हातात धरला. ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेले पितळेचे वजन. भिंत उभी सरळ आहे की नाही ते तो सांगतो. तो हातात धरून गवंडी बोलला की ती शपथ झाली.

"सायेब, या वळीत एक धोंडा वाकडा बसला, तर हा वळंबा पुन्ना हाती धरनार न्हाई."

साहेबाला शब्द किती कळले देव जाणे. पण त्याने हात पुढे केला आणि सटवाजीच्या हातात हात दिला. गोऱ्याने गवंड्याचा हात हातात घेतल्याचे वस्तीने प्रथमच पाहिले. साहेब आता हात धुवील का नाही यावर दोन दिवस पैजा चालल्या, म्हणे.

सटवाजीला एकच लेक होती, ठकी. पाचवे वर्ष नुकते लागले होते. पायात वाळे, आणि तोंडाला खळ नाही. बाप जिथे दोरी लावील तिथे ही हजर. सटवाजी दोरीचे एक टोक धरून डोळा बारीक करून बघत असला, की ही मध्येच जाऊन दोरीला बोट लावायची आणि हळूच ओढायची. बापाच्या बोटांना झटका लागला की तो न बघताच म्हणायचा, "ठके, सोड." मग ही सोडायची आणि खिदळत पळायची. दिवसातून वीस वेळा हे चाले, आणि एकविसाव्या वेळीही सटवाजी चिडत नसे.

दसऱ्याच्या सुमारास ठकीला ताप भरला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. सटवाजीने तिला हातांवर घेतले. मागून म्हातारा लिंबाजी आणि आणखी दहा गवंडी निघाले. ठकीची आई भागू रिवाजाप्रमाणे पालातच राहिली. रिवाज असा, की लेकराला मातीत ठेवले की मागे वळून बघायचे नाही, जागेवर दगड ठेवायचा नाही, ओळखीची कसलीही खूण ठेवायची नाही. आईबापांनी जागा लक्षात ठेवली तर लेकरू तिथेच घुटमळत बसते. त्याला पुढची वाट मिळत नाही, नवी कूस मिळत नाही. म्हणून जागा विसरायची. भागूने नवऱ्याला कुठे म्हणून विचारले नाही. ठकीने लवकर कुणाच्या तरी घरी, नाहीतर तिच्याच पोटी, परत यावे म्हणून तिने ओठ शिवून घेतले.

सटवाजीने मागे वळून पाहिले नाही. दगड ठेवला नाही. पण त्याच्याकडून एक चूक झाली, आणि ती गवंड्यावाचून दुसऱ्या कुणाकडून झाली नसती. हातांवर लेक होती, डोळ्यांपुढे काही दिसत नव्हते, आणि तरी त्याचे पाय आपले मोजत होते. गवंड्याला न मोजता चालता येत नाही. उंबराच्या खोडापासून डोंगर उजव्या खांद्यावर ठेवून चौऱ्याऐंशी पावले. आकडा डोक्यात बसला तो बसला. त्याने तो विसरायचा फार प्रयत्न केला. उलटे आकडे म्हटले, दुसरे आकडे म्हटले. भाकरी तोडतानाही घशात चौऱ्याऐंशी अडकायचे.

दिवाळी झाली. साहेब आपले पितळी यंत्र तीन पायांवर घेऊन माळावर आला आणि दोन दिवस त्यातून बघत राहिला. मग त्याने दोन पांढरे दगड रोवले, एक या टोकाला, एक त्या टोकाला. या दगडापासून त्या दगडापर्यंत सरळ दोरी. त्या दोरीवर अकरा घरांच्या दर्शनी भिंतीचा पाया. सटवाजी पहिल्या दगडाशी उभा राहिला, त्याने दुसऱ्या दगडाकडे पाहिले आणि उंबरापासून नजरेनेच पावले मोजली. चौऱ्याऐंशी पावले बरोब्बर त्या रेषेवर येत होती. सहाव्या घराच्या दाराखाली.

साहेबाला सांगावे तर ते साऱ्या वस्तीत पसरणार, आणि भागूला कळणार की बापाने जागा लक्षात ठेवली, लेकराची वाट अडवली. न सांगावे तर आठ दिवसांनी तिथे पहार मारायची, तीही त्यानेच, कारण पायाची पहिली पहार मुकादमाची असते. आणि रेषा वाकडी करावी तर ओळंब्याची शपथ. सटवाजीने त्या आठ दिवसांत चुना मळायची घाणी अशी फिरवली, की तिचा रेडा दमला पण हा दमला नाही. लोकांना वाटले, मुकादम कामाला जुंपला. भागूला मात्र दिसत होते की हा जेवतो ते चावत नाही.

आठव्या दिवशी, मार्गशीर्षातल्या सकाळी, पठारावर धुके उतरले. कुंभेरीचे धुके ज्याने पाहिले नाही त्याला ते सांगून कळायचे नाही. आपलाच हात लांब केला तर बोटे परक्या माणसाची वाटतात. एरवी अशा सकाळी काम थांबवायचे. पण मुहूर्त काढलेला होता. सटवाजी पहिल्या दगडाशी दोरीचे वेटोळे घेऊन बसला. लिंबाजी दुसरे टोक घेऊन धुक्यात शिरला आणि दिसेनासा झाला. दोघांच्या मध्ये दहा गवंडी, एकेकाच्या हातात एकेक खुंटी आणि हातोडा. प्रत्येकाने दोन घरांमधल्या भिंतीच्या जागी उभे राहायचे आणि दोरीला लागून खुंटी ठोकायची. कुणालाच दुसरा कुणी दिसत नव्हता.

"आली का रं?" सटवाजीने हाक दिली.

"आली," लिंबाजीचा आवाज फार लांबून आला. "बांदली."

आता नुसते ताणायचे होते. सटवाजीने दोरी बोटांत धरली, ओढली आणि डोळे मिटले. धुक्यात डोळे उघडे काय आणि मिटलेले काय, पण त्याने मिटले. आणि तेव्हा, असे सांगतात, त्याच्या बोटांना झटका लागला.

हलकाच. लहान बोटाने ओढावे तेवढा.

त्याच्या तोंडून सवयीने शब्द निघणारच होते. पण ते दोन शब्द त्याला बोलवेनात. त्याने काय केले, तर बोटे सैल सोडली. दोरी हातभर पुढे गेली आणि थांबली. पुन्हा झटका. पुन्हा त्याने सोडली. वेटोळ्यातून दोरी थोडीथोडी, खेळत खेळत जात राहिली. लांब कुठेतरी वाळे वाजल्यासारखे झाले, का कुणाच्या हातातली खुंटी दगडाला लागली, कोण सांगणार? बापाच्या गालांवरून पाणी वाहत होते, ते धुक्याचे म्हणून खपून गेले. त्याला वाटले, हे असेच दुपारपर्यंत चालावे, संध्याकाळपर्यंत चालावे, दोरी संपूच नये.

मग झटके थांबले. धुक्यात खुंट्यांवर हातोडे पडू लागले. सटवाजीचा कान तयार होता. आवाजावरून त्याला अंतर कळत असे. पहिली खुंटी जवळ. दुसरी जरा डोंगराकडे. तिसरी आणखी आत. पाचवी आणि सहावी तर इतक्या मागे वाजल्या की तिथे कुणाला पाठवलेच नव्हते. मग पुन्हा सातवी, आठवी करत आवाज पुढे येत गेले, आणि दहावी लिंबाजीच्या दगडाच्या अलीकडे येऊन थांबली. मुकादमाने ओरडून थांबवायला हवे होते. तो ओरडला नाही.

उन्हे आली, धुके विरळ झाले, आणि सगळ्यांनी दोरी पाहिली. दोन्ही दगड जागच्या जागी होते. मध्ये दोरी डोंगराकडे बाक घेऊन गेली होती, परातीचा काठ असतो तशी, कुठे कोपरा नाही, कुठे ढिलाई नाही. आणि चौऱ्याऐंशीव्या पावलाची जागा त्या बाकाच्या पोटात सुखरूप राहिली होती.

दुपारी भाकरीला बसल्यावर सटवाजीने लिंबाजीला हळूच विचारले, "कुनी सांगितलं यांस्नी?"

लिंबाजी कांदा फोडत होता. म्हणाला, "काय सांगायचं त्यात? तुज्यामागं चाललोच व्हतो की सारी. आमी बी गवंडीच हाय का न्हाई?"

सटवाजीने एकेका चेहऱ्याकडे पाहिले. त्याच्यासकट बाराही जणांना आकडा ठाऊक होता. दीड-दोन महिने बाराही जण तो विसरल्यासारखे करत होते.

इथवर माणसांचे झाले. पण खुंट्या इतक्या बेमालूम बाकात कशा बसल्या, याचा उलगडा त्यांनाही झाला नाही. एकमेकांना कुणी दिसत नव्हते, मापे कुणी दिली नव्हती, किती मागे सरायचे ते ठरले नव्हते. जो तो एवढेच म्हणाला, की दोरी मागे चालली, मी तिच्यासंगती गेलो, ती थांबली तिथे ठोकली. आता यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. बाक समोर उभा आहे.

दोरीवरून चुन्याची फक्की पडली आणि चर खणायला सुरुवात झाली. चौथ्या दिवशी साहेब आला. यंत्र लावून बघायची गरजच नव्हती, तरी त्याने लावले. बराच वेळ डोळा काढला नाही. मग वर बघून त्याने मोडक्या मराठीत विचारले, "सटवा, हे कोण केले?"

सगळे काम थांबले. बायका चुन्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन जागीच उभ्या राहिल्या. त्यांत भागूही होती. लिंबाजी पुढे सरसावला, पण सटवाजीने त्याला हाताने मागे सारले. लोकांना वाटले, आता हा काहीतरी थाप मारील, धुक्यावर ढकलील. सटवाजी बाकाच्या पोटात चालत गेला आणि उभा राहिला.

"सायेब, हितं माजी लेक हाय. मला ठावं व्हतं. दोरी माज्या हातानं सोडली."

पाटी खाली ठेवल्याचा आवाज झाला. भागू पुढे आली. तिने साहेबाकडे पाहिलेही नाही.

"तुमास्नी ठावं व्हतं?"

"व्हतं."

"मग मला का न्हाई सांगितलंत?"

"तिची वाट अडंल म्हनून," सटवाजी म्हणाला.

भागूने त्या मातीकडे पाहिले. मग म्हणाली, "अडंल तर अडंल. थांबू द्या की जराशी. आपलीच पोर हाय." आणि ती तिथेच खाली बसली, मातीवर हात ठेवून. ठकी गेल्यापासून ती पहिल्यांदा मोठ्याने रडली. बायका तिच्याभोवती बसल्या.

हालम साहेबाला यातले किती समजले, यावर दोन मते आहेत. कुणी म्हणतात त्याचेही एक मूल घाटाखालच्या छावणीत मातीआड होते. कुणी म्हणतात त्याला काही नव्हते, नुसते समोरचे दिसले. त्याने टोपी काढून काखेत धरली. बायकांचे रडे शांत होईपर्यंत तो तसाच उन्हात उभा राहिला. मग नकाशा दगडावर पसरला, पेन्सिल काढली आणि सरळ रेषेवर एक वाकडी रेषा ओढून खाली आपली सही केली. वरच्या साहेबांनी पुढे त्याला फैलावर घेतले, म्हणे, की हुकूम सरळ ओळीचा असताना ही शोभा कशाला? त्याने लिहून कळवले, की मला ती तशीच सुंदर वाटली.

ओळ पुरी व्हायला तीन वर्षे लागली. प्रत्येक दगड सटवाजीने आपल्या हाताने त्या दोरीला धरून बसवला, आणि जाणकार सांगतात, की अकरा घरांत एक धोंडा इकडचा तिकडे नाही. शेवटच्या कठड्याचा गिलावा वाळला त्या दिवशी साहेबाने त्याला पुढच्या कामाचे विचारले. सटवाजीने कमरेचा ओळंबा सोडून साहेबापुढे ठेवला.

"ह्ये काय?" साहेब म्हणाला. "वाकडा एक पण नाही. मी पाहिला."

"वळ वाकडी हाय, सायेब. बोललो व्हतो."

साहेबाने समजावले, लिंबाजीने शिव्या घातल्या, बाकीच्यांनी हातापाया पडून पाहिले. पण बोललेला शब्द त्याला मोडायचा नव्हता. लेकीसाठी तो एकदा वाकला होता, आणि त्याचे मोल त्याला दुसऱ्या कुणाच्या पदरी घालायचे नव्हते. कुंभेरीचा सगळ्यांत चांगला गवंडी त्यानंतर जन्मभर चुन्याच्या घाणीवर राबला. दुसऱ्यांनी भिंती बांधल्या, त्याने त्यांना चुना मळून दिला. तो दुःखी होता असे मात्र कुणी सांगत नाही. संध्याकाळी तो आणि भागू बाकाच्या पोटात बसलेली दिसत. भागूला पुढे मुलगी झाली की नाही, हे विचारले तर ओळीतले म्हातारे म्हणतात, झाली असेल, आम्हांला कुठे ठाऊक. आणि त्यांच्या तोंडावरून हो की नाही ते कळत नाही.

साहेब गेले, सरकार बदलले, ओळीत मास्तर आले, पोस्टातले आले, एक होमिओपॅथीचे डॉक्टर आले. आजही त्या हिरवळीवर पोरे खेळतात. त्यांना कुणी हटकत नाही. मध्ये दगड नाही, दिवा नाही, फुले वाहायला चौथरा नाही. पुरातत्त्वाच्या एका हौशी अधिकाऱ्याने नेमकी जागा विचारली होती, छोटीशी पाटी लावायची म्हणून. अकराही घरांनी सांगितले, ठाऊक नाही.

आणि आजही मार्गशीर्षातल्या पहिल्या धुक्याच्या सकाळी ओळीतली माणसे एक लांब दोरी घेऊन बाहेर पडतात. प्रत्येक दारासमोर एकेक जण उभा राहतो. कुणी कुणाला दिसत नाही, कुणी बोलत नाही. पहिल्या घराशी दोरीचे वेटोळे असते. ते कुणाच्या हाती द्यायचे हे ठरलेले आहे: त्या वर्षी ज्याच्या घरातले मूल गेले, त्या बापाच्या किंवा आईच्या. ओळीत तसे कुणी नसले तर गावातून बोलावतात, आणि गावात नसले तर त्या वर्षी दोरी काढत नाहीत, आनंदाने काढत नाहीत. त्या माणसाला फारसे काही सांगत नाहीत. शेजारी एखादा म्हातारा उभा राहतो आणि हलक्या आवाजात एवढेच म्हणतो, की बोटांना ओढ लागली तर घाबरू नकोस, ओढून धरू नकोस, जाईल तेवढी जाऊ दे.